वामची जागा

रेसिडेन्सी म्हणजे काय, हे मले सुलक्षणाताईनं सांगितलं. धुळ्याची चित्रकार पोर. म्हणे, "हिलाल आबा, गावात राहून चित्रं काढायची, लोकांना शिकवायचं, त्याला रेसिडेन्सी म्हणतात."

मी म्हटलं, "मंग आम्ही साठ वर्षं पहुरात रेसिडेन्सीच करून राहिलो. चित्रं तेवढी काढायची राहिली."

लय हसली.

तीन महिने राहून शाळेच्या भिंतीवर तिले वाघूर नदीचे मूळचे मासे काढायचे होते. मी भोई माणूस, मासे आणून द्यायचं काम माझं. मासा जिता पाहिजे, मेला की रंग उतरतो. बादलीत आणायचा, तिनं काढायचा, पुन्हा नदीत. मरळ झाला, शिंगटा झाला, मळ्या झाला. भिंतीच्या मधोमध लांबच लांब जागा तिनं वामसाठी राखली.

"आबा, वाम मिळेल ना?"

"वाम? माझा बाप डोहात हात घाले अन् वाम काढे. सापासारखी लांब, पाठीवर करवतीवाणी काटे, हात फाडते. आठ दिवसांत आणतो!"

चार लोकांत बोललो. आता भोयाचा शब्द हाये.

आठाचे पंधरा दिवस झाले. जाळं टाकलं, गळ टाकले, कपारीत हात घातले. निघे काय? मांगूर. काळा, मिशावाला, हातभर. जाळं भरून मांगूर. एकाचं पोट फाडलं, तं आत दुसऱ्या माशांची पिल्लं.

तिथंच काठावर बसलो.

भिकमचंदशेठ आमच्या गावचे किराणावाले. जैन माणूस, मुंगी पाहून पाय टाकतील. दर पर्युषणात नदीत जिते मासे सोडतात. पाण्यात मासा सळसळला की हात जोडून उभे, डोळे भरलेले. ते मासे आणणारा कोण? मी. आपला मासा बाजारातून आणला, तं टेम्पोत अर्ध्या रस्त्यात मरतो. मांगूर नुसत्या चिखलात बी दिवसभर जगतो. मेलेला मासा शेठच्या हाती कसा द्यायचा? म्हणून मासे पाळणाऱ्या तळ्यावाल्याकडून मांगूरच आणत गेलो. तेरा वर्षं. मले वाटलं, मासा तो मासा.

ताईले इतकंच सांगितलं, "वाम नाही भेटत. तोंडानं सांगतो, तशी काढा."

मंग तिनं पोरायची कार्यशाळा घेतली. "आपल्या नदीतला मासा काढा," म्हणाली. चाळीस पोरं, चाळीस कागद, अन् चाळीसच्या चाळीस माशायले मिशा. ताई कागद चाळत राहिली.

शेवटच्या दिवशी शेठ काठी टेकत भिंत पाहायले आले. एकेक मासा पाहिला.

"बेटा, माझा मिशावाला कुठे?"

"तो आपल्या नदीचा नाहीच, शेठजी. परदेशी मांगूर आहे तो. त्यानंच बाकीचे खाऊन संपवले. कुणी आणून सोडला, देव जाणे."

शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी माझ्या चपलेकडं.

"हिलाल," शेठ हळूच म्हणाले, "आपण जीव वाचवायचो ना रे?"

तेरा वर्षांत त्यांनी मले पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"ऊन झालं, शेठजी. चला, घरी सोडतो."

शेठले त्यांच्या ओट्यावर बसवलं, काठी भिंतीला टेकून ठेवली.

परत आलो तं ताईची वाम पुरी झालेली. पाठीचे काटे, टोकदार तोंड, अंगावरचे ठिपके, बापानं डोहातून काढलेली जशीच्या तशी. खाली लिहिलेलं: 'वाम. माहिती देणारे: हिलाल भोई.'

"ताई, माझं नाव पुसा."

"अहो आबा, लाजता कशाला?" म्हणाली, अन् पावसात जाऊ नये म्हणून अक्षरांवरून रंगाचा अजून एक हात फिरवला.