बेअरिंगला शेक

मागचं उजवं चाक मी दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर ते दुखऱ्या दातासारखं खुळखुळलं. डावंही तसंच. ॲक्सलची दोन्ही बेअरिंगं गेली होती.

"उद्याचं जाणं रद्द कर," सासूबाई दारातूनच म्हणाल्या. "चाक निखळून दरीत गेलीस तर लस कोणाला टोचणार? दगडांना?"

"रद्द नाही होणार, आई. बेअरिंगं आणलीत. संध्याकाळपर्यंत बसवते."

मी परिचारिका. महिन्यातून एकदा वरच्या वस्तीत बाळांना लस द्यायला जाते. तिथवर जीप पोचत नाही, म्हणून ही गाडी: मोटरसायकलचं हँडल आणि खाली चार जाडजूड टायर. घरात तिला सगळे चारपायी म्हणतात. गेल्या महिन्यात वाटेवर दरड कोसळली आणि माझी खेप हुकली. नऊ बाळांचे डोस लांबले होते. ते आणखी लांबवायचे नव्हते. गॅरेजवाला मात्र गाडी चार दिवस ठेवून जा म्हणत होता. मी फक्त सामान मागितलं तेव्हा तो हसला, "ताई, हे सुई टोचण्याइतकं सोपं नाही."

"सुई टोचणंही सोपं नसतं, दादा," मी म्हटलं आणि पुडकं घेऊन आले.

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. सुट्टीचा दिवस होता, तेही अंगणात उकिडवे बसले. आम्ही गाडीचा मागचा भाग उचलून ठोकळ्यांवर टेकवला. चाकं, हब, ब्रेकची तबकडी, चेन, एकेक उतरवून जुन्या चादरीवर ओळीनं मांडलं. ॲक्सलचा मोठा नट तेवढा हटून बसला. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइपाचा तुकडा चढवून आम्ही दोघं लोंबकळलो, तेव्हा कुठे तो कुरकुरत सुटला. मग लाकूड मधे धरून ॲक्सल ठोकून बाहेर काढला आणि बेअरिंगं ज्यात बसतात ते ॲल्युमिनियमचं घर सोडवून घेतलं.

त्या घराच्या दोन तोंडांना दोन बेअरिंगं आणि त्यांच्या मधे वीतभर नळी. नळी दोघांना अंतरावर ठेवते. ती नसली तर नट आवळताना बेअरिंगं एकमेकांकडे ढकलली जातात आणि चार दिवसांत त्यांचा भुगा होतो. मी नळी रॉकेलनं धुतली, पुसली आणि खिडकीत ठेवली. पान्याच्या पाइपाशेजारीच. माझी चूक तिथे झाली.

नवी बेअरिंगं सकाळपासून फ्रीझरमध्ये होती. गारठली की अंग चोरतात, आत जायला सोपं जातं. पहिलं मी बसवलं.

"दुसरं मी बसवतो," हे म्हणाले. "बाहेरच्या कड्यावरच ठोकायचं, आतल्या नाही. पाहिलं मी."

मी मान डोलावते तोच घरातली सगळी घड्याळं एकदम चार वाजवू लागली. चार ते साडेचार माझं मौन असतं. अकरा वर्षं झाली या नेमाला. त्या अर्ध्या तासात आमच्याकडे कोणी फोडणीसुद्धा घालत नाही, चुरचुर होते म्हणून.

हातपाय धुऊन मी देवापुढे बसले, आणि समोरच्या खिडकीत नळी दिसली. अंगणातून हातोडीचा आवाज येत होता. मी उठून बाहेर गेले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, खिडकीकडे बोट केलं, मग बेअरिंगच्या घराकडे.

"आवाजाचा त्रास होतोय ना तुला?" हे कुजबुजले. "चुकलंच माझं." आणि हातोडीला फडकं गुंडाळू लागले.

मी जोरजोरात मान हलवली. नळी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, "हो हो, पसारा आवरतो," म्हणून वरच्या फळीवर नेऊन ठेवली.

"अरे, तिला कशाला उठवलंस?" सासूबाई धावत आल्या. "जा गं, बस तू." मला दंडाला धरून त्यांनी परत पाटावर बसवलं.

एक शब्द पुरला असता. बाळाच्या जिवाचा प्रश्न असता तर मी किंचाळले असते. पण हे लोखंड होतं. आत गेलेलं लोखंड बाहेर काढता येतं, आणि कसं काढायचं हे ठरवायला माझ्याकडे पंचवीस मिनिटं होती. देवाचं नाम मनात चालू ठेवून मी तेही ठरवलं. देव रागावला नसावा.

साडेचारचे ठोके पडले. हे घाम पुसत होते. "झालं बघ! सरळ बसलंय."

"छान बसलंय," मी म्हटलं. "पण अहो, फळीवरची नळी आतली आहे."

ह्यांनी नळीकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं आणि नळी फळीवरून खाली काढली. "मला हाही पान्याचाच पाइप वाटला."

"घड्याळ उघडून निम्मं बाहेर ठेवलंस आणि झाकण लावलंस!" सासूबाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकांना कळू देऊ नकोस हो."

"ठोकून काढतो."

"नको. उलट्या बाजूनं ठोकलं तर मार आतल्या कड्याला बसेल. गोळ्यांना खाचा पडल्या की नवं बेअरिंग वाया. आई, मोठं पातेलं भरून पाणी उकळा."

"लोखंडाला चहा पाजणार आहेस?"

"शेक देणार आहे. सुजलेल्या पायाला देतो तसा."

बेअरिंगचं घर उपडं करून मी दोन ठोकळ्यांवर ठेवलं, खाली उशी. बाहेरून जाड टॉवेल गुंडाळला. बेअरिंगच्या आतल्या कड्यात पिशवीत बांधलेला बर्फ कोंबला. बाहेरचं घर फुगायला हवं आणि आतलं बेअरिंग आकसायला. सासूबाई तांब्यातांब्यानं उकळतं पाणी टॉवेलवर ओतू लागल्या. पहिला तांब्या, काही नाही. तिसरा, नाही. पाचव्याला ह्यांनी तोंड फिरवलं.

"ओता, आई," मी म्हटलं. "अजून ऊब आतवर पोचली नाही."

सातव्या तांब्याला मी घरावर लाकडानं हलकेच टकटक केलं. बेअरिंग उशीवर पडलं. टप्प!

"बाळंतपण झालं," सासूबाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

मी बेअरिंग पुसून बोटावर फिरवलं. कुठेही अडत नव्हतं. ते पुन्हा तासभर फ्रीझरमध्ये ठेवलं. मग नळी ह्यांनीच आत सोडली, बेअरिंगही त्यांनीच बसवलं, मी नुसती पाहत उभी राहिले. ग्रीस, सीलं, ॲक्सल, नट. दिवेलागणीच्या आत चाकं चढली. सासूबाईंनी स्वतः चाक धरून दोनदा हिसडलं.

"जा," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लशीचा डबा मागे बांधून मी निघाले. खडी, ओढा, दरडीचा उतार, सगळीकडे मागची चाकं ताठ राहिली. दहाच्या सुमाराला वस्ती आली. आठ बाळं रडली. नववं रडलं नाही, त्यानं माझं बोटच घट्ट धरलं. त्याच्या आईनं कार्ड पुढे केलं आणि मी मोकळ्या हातानं त्यावर तारीख लिहिली.