सूर्याची काच

“ती काळी काच तेवढी फेकून द्या, ताई. घरी गेल्या गेल्या.”

“हो हो, काका,” ती म्हणाली. मान मात्र तिने वर केली नाही.

तिच्या हातात दुर्बिणीचं पुढचं मोठं भिंग होतं. दुर्बीण विकणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी ते नळीतून सोडवून तिच्या हातात दिलं होतं आणि ती खिडकीच्या उजेडात ते तिरपं करून पाहत होती. आधी मागे काळी पर्स धरून, मग पांढरा रुमाल धरून. कारखान्यातली रोजची सवय. इंजेक्शनच्या बाटल्या तपासायच्या खात्यात ती आठ वर्षं होती. प्रत्येक बाटली हलकेच फिरवायची, एकदा काळ्या फळीसमोर, एकदा पांढऱ्या. काळ्यावर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. बाटलीमागे दहा सेकंद. आठ वर्षांत तिच्या हातून गेलेल्या बाटलीची एकही तक्रार परत आली नव्हती, आणि ही गोष्ट तिने स्वतःहून कोणाला सांगितली नसली तरी कोणी विचारलं तर लपवतही नव्हती.

“इथे,” ती म्हणाली. “कडेला. केसासारखं काहीतरी आहे.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, परत उतरवला. “बुरशी आहे ती. एका वर्षी ओल धरली होती. अहो, मी हे भिंग पंचवीस वर्षं पुसतोय, मला ती सापडली दोन वर्षांपूर्वी. तुम्ही उभ्या उभ्या काढलीत!”

ती खुलली. काका एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामानाचा ताबा सांभाळायचे. कॉलेजने जुनी उपकरणं मोडीत काढली तेव्हा त्यांनी ही दुर्बीण घरी आणली होती. अशा माणसाने आपल्या नजरेला दाद द्यावी म्हणजे काय! बाल्कनीत तिचा नवरा तीन पायांच्या स्टँडशी झटापट करत होता. सहा वर्षांची मुलगी, जिला घरात सगळे मुंगी म्हणत, लाकडी पेटीतल्या हिरव्या मखमलीवर बोट फिरवत बसली होती. मखमलीच्या खाचांत डोळ्याला लावायची तीन छोटी भिंगं होती, आणि चौथ्या खाचेत नखाएवढी काळी काच. पितळी कडं, कड्यावर किरणांसकट कोरलेला सूर्य.

“संच मोडू नये म्हणून ठेवलीय,” काका म्हणाले. “पण चांगली नाही ती.”

“सांगते यांना,” ती म्हणाली आणि नवऱ्याला हाक मारली. पण सांगितली ती बुरशी. काचेचं राहून गेलं.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. दुर्बिणीचं वेड त्याचंच. “दिवसभर खड्ड्यात उभा असतो मी,” तो म्हणायचा. “वर बघितलं की लिफ्टचं बूड. एकदा तरी वर बघितल्यावर काहीतरी बघण्यासारखं दिसू दे की.” बुरशीमुळे किंमत थोडी उतरली आणि तो बायकोकडे असा बघायला लागला जसा लग्नातही बघितला नव्हता. जिन्यात म्हणाला, “तुला आता सगळ्या खरेदीला नेणार. भाजीलासुद्धा.”

पहिले दोन आठवडे मजेत गेले. संध्याकाळी जेवणाआधी गच्चीवर जायचं, चंद्र पकडायचा, तो सरकला की परत पकडायचा. मुंगीने पहिल्यांदा डोळा लावला आणि ओरडली, “बाबा, चंद्राला कांजिण्या झाल्यात!” शेजारचे आजोबाही बघून गेले. तिला स्वतःला आवडायचं ते बघणाऱ्यांकडे बघणं. मुंगी उजवा डोळा लावायची आणि जीभ बाहेर काढायची. नवरा श्वास धरायचा.

तिसऱ्या रविवारी तिची सकाळची पाळी होती. अडीचला ती घरी आली. चपलेचा पट्टा सोडत होती तेवढ्यात मुंगी पळत आली.

“आई, आम्ही आज सूर्य पाहिला! हिरवा असतो तो. आणि त्याला तीळ आहेत.”

तिचा हात पट्ट्यावरच राहिला.

“कशातून?”

“पेटीत काच होती ना, सूर्याची,” नवरा आतून म्हणाला. “मस्त दिसतो गं. मी पाहिलं, हिने पाहिलं. शेवटी तडकली मात्र. जुनी असणार.”

“कधी तडकली? कोण बघत होतं?”

“हिची पाळी होती. टक् असा आवाज आला आणि मी ओढलीच हिला. क्षणभर. रडलीसुद्धा नाही. वाघीण आहे.”

ती एका पायात चप्पल तशीच ठेवून मुंगीपाशी गेली. डावा डोळा आपल्या तळहाताने झाकला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. “वाच.”

मुंगीने एक ते तीस घडाघडा म्हटलं. सहा वर्षांच्या मुलीला बारानंतर काय येतं ते बघावं लागत नाही, हे तिला विसाव्या आकड्याला कळलं. मग पहिलीचं पुस्तक. तेही मुंगीला पाठ. कारखान्यात दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे, आणि तक्त्यातली शेवटची ओळ खात्यातल्या सगळ्या बायकांना तोंडपाठ होती. नजर अधू झालेल्या एका थोरल्या बाईला तिनेच रांगेत मागे उभी राहून ती ओळ हळूच सांगितली होती. न दिसताही सगळं दिसत असल्यासारखं कसं वागतात, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

तिने कोरा कागद घेतला. मधोमध पेनाने ठिपका दिला आणि मुंगीचा डावा डोळा परत झाकला.

“कुठे आहे ठिपका?”

मुंगीने मान किंचित वळवली. कागदाच्या कोपऱ्याकडे बघू लागली. “आहे.”

“समोर बघ ना, राणी.”

“समोर बघितलं की पळतो तो.” मुंगी हसली. मग आईच्या चेहऱ्याकडे वळली आणि तिने नाक मुरडलं. “आई, तुझ्या तोंडावर काहीतरी लागलंय.”

“कुठे?”

“मधोमध. पिवळं पिवळं. धुऊन ये ना.”

ती उठली. मोरीत गेली आणि तिने तोंड धुतलं, साबण लावून. काही लागलेलं नाही हे माहीत असून धुतलं. परत येऊन मुलीसमोर बसली, तिचा डावा डोळा झाकला.

“गेलं?”

“नाही. अजून घास.”

ती परत गेली. या वेळी गाल लाल होईपर्यंत घासला. टॉवेल तोंडावर दाबून तशीच थोडा वेळ उभी राहिली, कारण लगेच बाहेर यायची हिंमत नव्हती. बाहेर आली, गुडघ्यांवर बसली.

“आता?”

मुंगी आईच्या कानाकडे बघत होती. आईचे ओले केस, लाल झालेले डोळे, हे सगळं तिला कडेकडेने दिसत असणार.

“हो,” ती म्हणाली. “आता गेलं.”

*

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर मुंगीची हनुवटी टेकवली. पडद्यावर नारिंगी गोळा आला, त्यात लाल शिरा, आणि बरोबर मध्ये फिकट पिवळा, टाचणीच्या डोक्याएवढा डाग. आठ वर्षं असे डाग ओळखून बाटल्या बाजूला काढण्याचा तिला पगार मिळत होता.

“भाजलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “या जागेला दुखणं कळत नाही, म्हणून रडली नाही. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला सगळं ऊन एका बिंदूत येतं. तिथे बसवायची काच तापून तडकते. या काचा वापरूच नयेत.”

“औषध?”

“वाट बघायची. तीन महिने, सहा महिने. काही मुलांचं बरंचसं भरून येतं. काहींचं नाही.”

“किती जणांचं येतं? शंभरात किती?”

“ताई, तसे आकडे मी देत नाही.”

“माझा डोळा घ्या ना,” ती म्हणाली. सहज, बसमध्ये जागा द्यावी तशी. “माझी नजर चांगली आहे. दर सहा महिन्यांनी तपासतात. कागद आहेत माझ्याकडे.”

“डोळ्याच्या आतला पडदा बदलता येत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मुंगीच्या हातात कागदाचं चिकटचित्र दिलं. मुंगीने ते डोळ्याजवळ नेलं, मग थोडं बाजूला.

त्या दिवसापासून नवऱ्याने एकच वाक्य धरलं. “मला माहीत नव्हतं गं. पेटीत होती, सूर्य कोरलेला होता, मला वाटलं त्यासाठीच असणार.” जेवताना, दात घासताना, दिवा मालवताना. ती काही बोलायची नाही आणि तो तिच्या गप्प बसण्याला राग समजायचा. बुधवारी त्याच्या कामावरच्या जोडीदाराचा फोन आला. “वहिनी, आज साहेब सुरक्षेचा पट्टा न लावता शाफ्टमध्ये उतरले. मी ओरडलो म्हणून. घरी काही झालंय का?”

संध्याकाळी ताट समोर ठेवून तो परत सुरू झाला. “मला माहीत…”

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

त्याचा घास हातात राहिला.

“काकांनी सांगितलं होतं मला. तू बाल्कनीत होतास. म्हणाले, फेकून द्या. मी हो म्हटलं. मी बुरशी शोधत होते. मला कौतुक करून घ्यायचं होतं.”

तिला वाटलं तो ओरडेल. ओरडावं असंच वाटत होतं. तो “बरं” म्हणाला आणि ताट उचलून धुवायला गेला. नळ खूप वेळ चालू होता. त्या “बरं”मध्ये काय होतं हे तिला कळेना. दुसऱ्या दिवसापासून तो “मला माहीत नव्हतं” म्हणायचा थांबला, आणि कामावर जाताना पट्टा ओढून बघायला लागला, एवढं मात्र तिने पाहिलं.

कारखान्यात तिला प्रत्येक बाटलीत कण दिसू लागले. चांगल्या बाटल्यांच्या ट्रेच्या ट्रे तिने बाजूला काढल्या. मुकादमबाईने दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा तिला खोकी चिकटवायच्या टेबलावर पाठवलं. घरी ती रोज सकाळी मुंगीसमोर ठिपक्याचा कागद धरायची. मुंगी हुशार झाली होती. ठिपका कुठे असतो ते तिला ठाऊक झालं होतं. मग ती ठिपका रोज वेगळ्या जागी देऊ लागली, आणि मुंगी आईच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखू लागली. सहा आठवड्यांनी मशीनवर परत हनुवटी टेकवली. डाग तसाच होता.

त्या दिवशी ती थेट काकांकडे गेली. कशासाठी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. भांडायला म्हणावं, तर भांडायला मुद्दा नव्हता.

काकांनी ऐकलं आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच. “मी सांगितलं होतं ना, ताई?” “सांगितलं होतं ना मी?”

“सांगितलं होतं.” तिला रडू आवरेना. “पण यांना का नाही सांगितलंत? वापरणार तर ते होते.”

“पुरुषांना सांगितलं की ते आधी तेच करून बघतात. कॉलेजात जन्मभर पाहिलंय मी. हात लावू नका म्हटलं की लावलाच. म्हणून मी घरच्या बाईला सांगतो. बाई विसरत नाही.” ते बोलून गेले आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं. “तसं नाही म्हणायचं मला…”

ती डोळे पुसत होती. काका भिंतीकडे बघत होते. मग ते फार हळू म्हणाले, “ताई, कॉलेजने अशा दोन दुर्बिणी काढल्या होत्या. जोडीच्या. दुसरी मी तुमच्या महिनाभर आधी विकली.”

“कोणाकडे?”

“नाव नाही विचारलं. तरुण माणूस होता. घाईत होता, हेल्मेटसुद्धा काढलं नाही.”

“त्याला काचेचं सांगितलंत?”

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसू लागले.

“काका!”

“त्याच्याबरोबर बाई नव्हती,” काका म्हणाले. “मला वाटलं, एकटाच असेल, चंद्रबिंद्र बघेल. पण जाताना त्याने विचारलं, स्टँड खाली किती येतो? मी म्हटलं, कमरेइतका. तर म्हणाला, अजून खाली नाही येत का?”

रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिने कागद लिहून काढला. तीनदा खोडला, चौथ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवला. नवऱ्याने वाचला, काही न बोलता खाली आपला मोबाइल नंबर घातला आणि सकाळी शंभर प्रती काढून आणल्या. शहरातल्या ज्या ज्या लिफ्टला तो तेलपाणी करायचा, तिथे तिथे आरशाशेजारी त्याने एकेक चिकटवली. त्या कागदावर असं लिहिलं होतं:

‘नमस्कार. ही जाहिरात नाही. दोन मजले जाईपर्यंत वाचून होईल.

साधारण तीन-साडेतीन महिन्यांपूर्वी एका तरुण गृहस्थांनी एका निवृत्त काकांकडून जुनी दुर्बीण घेतली आहे. दुधी रंगाची नळी, लाकडी पेटी, आत हिरवी मखमल. पेटीत नखाएवढी काळी काच आहे, तिच्या कड्यावर सूर्य कोरला आहे. ती सूर्य बघण्यासाठी वाटते. ती तडकते आणि डोळा भाजतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही.

हे त्या गृहस्थांना कोणीही सांगितलेलं नाही. त्यांचं नाव आम्हाला माहीत नाही. त्यांच्या घरात एक लहान मूल आहे, इतकं लहान की कमरेइतका स्टँडही त्याला उंच पडतो.

दुर्बीण तुमच्याकडे नसेल. पण तुमच्या मजल्यावर, शेजारच्या गच्चीवर, ऑफिसात कोणी नवीन छंद लागल्याचं सांगत असेल. फोन करू नका, फोनवर माणसं हो हो म्हणतात. कृपा करून आज त्यांच्या दारापर्यंत जा, आणि ते मूल कसं आहे ते बघून या.’