मिठाची मूठ

आमच्याकडे दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी माझे आभार मानायचं जेवण असतं. चाळीस-पन्नास पानं उठतात, आणि ते जेवण मीच रांधते. यात कुणाला काही गैर वाटत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मलाही वाटलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी मी माझी एक किडनी निकेशला दिली. निकेश माझा धाकटा भाऊ. त्याच्या दोन्ही निकामी झाल्या होत्या. आईला साखरेचा आजार, त्याच्या बायकोचा, समीक्षाचा, रक्तगट जुळेना. माझं सगळं जुळलं. माझा नवरा दयाराम तेव्हा म्हणाला होता, माहेराला द्यायची असेल तर दे, पण मग तिथंच राहा. मी दिली. दयारामने आयुष्यात पाळलेला तो एकच शब्द. तेव्हापासून मी नवीन पनवेलला एका खोलीत राहते आणि बालवाडीत शिकवते.

आईने त्या वेळी गावदेवीला नवस बोलला होता, की पोरगा वाचला तर दर वर्षी तुझ्या नावाने गोडाखारटाचं, मटण-मासळीचं, जेवण घालीन. पहिल्या वर्षी घरचेच होतो. मग निकेशचे मित्र आले, पुढे त्याच्याबरोबर बांधकामाचा धंदा करणारे आले, स्पीकर आला. गेल्या वर्षीपासून भाच्याने, हृतिकने, बॅनर लावायला सुरुवात केली. तो दहावीला, इंग्रजी शाळेत. म्हणाला, "आत्या, अमेरिकेत पण नोव्हेंबरातच असतं. थँक्सगिव्हिंग. सेम टु सेम. ते टर्की खातात, आपण जिताडा." बॅनरवर माझा फोटो. त्यात मी अशी हसतेय, जणू निवडणुकीला उभी आहे.

जेवणात काय करायचं हे विचारायची सोयच नाही. सगळं निकेशच्या आवडीचं आणि सगळं आईच्या हातचं, म्हणजे आईने मला शिकवलेलं. आईच्या पाककृती कुठे लिहिलेल्या नाहीत. वाल दोन दिवस भिजवून, मोड आणून, एकेक सोलायचे. सोलताना नखं काळी झाली नाहीत तर ते बिरडं नव्हे. मटणाच्या वाटणाचं खोबरं करपायच्या एक क्षण आधी उतरवायचं. जिताड्याच्या कालवणात माशाचे तुकडे सोडले की पळी घालायची नाही, टोपच दोन्ही हातांनी धरून हलवायचा. आणि मीठ मुठीने.

मिठाला आमच्या घरात चमचा नाही. माझ्या आजोबांचं मिठागर होतं. आता त्यावर विमानतळाचा भराव आहे. खडेमीठ मुठीत घ्यायचं आणि करंगळीकडून सोडत जायचं. हात आपोआप थांबतो. आई म्हणायची, मिठाची मूठ एकदा आली की जात नाही. आणि चाखून बघायचंही नसतं, कारण देवीला दाखवल्याशिवाय रांधणारीने जीभ लावायची नाही. मी कधी लावली नाही, आणि माझं मीठ कधी चुकलं नाही. सगळ्या भावकीत माझ्या मुठीचं नाव होतं.

या वर्षी जूनमध्ये पाय सुजायला लागले. बालवाडीत खाली बसले की उठताना बोटं मांडीत रुतायची. दवाखान्यात गेले तर प्रेशर इतकं, की नर्सने यंत्र बदलून पुन्हा मोजलं. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. डॉक्टरीण चांगली होती, पण रागावली. "एकाच किडनीवर आहात ना तुम्ही? मग दर वर्षी तपासणी का केली नाही?"

काय सांगू तिला? पहिल्या वर्षी निकेशने स्वतः गाडीतून नेलं. दुसऱ्या वर्षी त्याचं उलव्याला काम सुरू होतं, ड्रायव्हर पाठवला. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "ताय, तू तर ठणठणीत हायस." मलाही तेच ऐकायचं होतं. प्रेशर म्हणे तीन-चार वर्षं आतल्या आत वाढत होतं.

त्या दिवसापासून माझं मीठ बंद. पाच महिने मी अळणी भात, अळणी वरण, अळणी भाजी खाल्ली. सुरुवातीला रडले. मिठागरवाल्यांची नात, आणि मीठ औषधालाही नाही. नंतर जिभेला सवय झाली. नोव्हेंबरचा रिपोर्ट आला तो आधीपेक्षा वाईट. डॉक्टरीण या वेळी रागावली नाही, त्यानेच मी घाबरले. म्हणाली, "सोमवारी या. पण घरचं माणूस घेऊन या. पुढचं एकटीने ऐकायचं नाही, आणि एकटीने ठरवायचंही नाही."

सोमवार म्हणजे जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी. मी ठरवलं, निकेशला रविवारी सांगायचं. मला त्याच्याकडून काही नको होतं. फक्त त्याने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसावं, एवढंच हवं होतं.

रविवारी पहाटेच पोचले. निकेशची तीन मजली इमारत, खाली पार्किंग, तिथेच टेबलं मांडलेली. मागच्या बाजूला मोठं स्वयंपाकघर. समीक्षाने दारातच हातात पिशवी दिली. "ताई, यंदा पैठणी हां. संध्याकाळी नेसा." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "जरा सुजल्यासारख्या दिसताय. झोप नाही झाली का?" मी म्हटलं, नाही झाली. ती वाईट नाही. पण तिला भाकऱ्या करणाऱ्या बायकांना फोन करायचा होता.

निकेशला सकाळपासून चार वेळा गाठलं. एकदा तो मंडपवाल्याशी बोलत होता, एकदा फोनवर, एकदा देवीला निघाला होता. चौथ्यांदा त्याने खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "ताय, जितारा बगितलास का? आठ किलोचा! उरणवरना आणलाय." मी म्हटलं, निकेश, बोलायचंय. "रातचे बोलू गो, जेवल्यावर निवांत," म्हणाला आणि गेला.

मग मी रांधलं. कितीही रागावले तरी माझ्या हातून वाईट रांधलं जात नाही, निदान तेव्हा तसं वाटत होतं. चार मोठे टोप. मटण, जिताडा, बिरडं, कोलंबीचा रस्सा. प्रत्येकात मुठीने मीठ सोडलं. हात थांबला तिथे थांबले. दर वर्षीसारखंच. संध्याकाळी आईने पाच पानांवर नैवेद्य काढला, निकेशने देवीला दाखवून आणला आणि पहिली पंगत बसली.

मी दारातून बघत होते. निकेशने भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. मग मटणाची फोड खाल्ली. मग कालवण. शेजारचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

"ताय, मीठ ईसरलीस काय गो?" तो मोठ्याने म्हणाला आणि हसला. "मिठागरवाल्यांची पोर तू, आन जेवान अळणी?"

सगळी पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, तायचं आता वय झालं. मीही हसले.

आई आत आली. तिने एकेका टोपातलं थेंबभर तळहातावर घेऊन चाटलं. मटण, मग जिताडा, मग बिरडं, मग कोलंबी. चौथ्यानंतर तिने हात पदराला पुसला आणि भाकऱ्यांच्या बायकांना बाहेर वाढायला पाठवलं. दार लोटलं.

"ईसरलीस असतीस तर एका टोपात ईसरलीस असतीस," आई म्हणाली. "चारी टोपांना सारखाच कमी हाय. तुझे हाताला सवय लागलीय. कवापासना अळणी खातंस? खरा सांग."

एवढ्या लोकांत मला ओळखणारी तीच एकटी होती. मला इतकं बरं वाटलं, की मी तिथेच ओट्याला टेकून सगळं सांगून टाकलं. पाय, प्रेशर, दोन रिपोर्ट, सोमवार. पायावरची साडी वर करून बोट दाबून दाखवलं. खड्डा पडला, तो बराच वेळ भरला नाही.

आई त्या खड्ड्याकडे बघत राहिली. मग ती वळली. एका वाडग्यात रस्सा काढला, एकात बिरडं, दोन्हींवर ताटली झाकली आणि फळीवर मागे सारली. मग बरणी काढली, गरम पाण्यात मीठ विरघळवलं आणि चारी टोपांत ओतत गेली. तिची मूठ अजून शाबूत होती.

"निकेशला नको सांगूस," माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली. "त्याचे जिवाला घोर लागंल. त्याला वाटंल, माज्यामुले झाला. तो खचंल, बाय. खचला तं त्याची तब्बेत जाईल. आज नको."

"मग कधी, आई? उद्याच जायचंय."

"तू खंबीर हायस," आई म्हणाली. "तू पयल्यापासना खंबीर हायस."

मला तिचा राग आला. इतका, की पळी हातात होती ती खाली ठेवावी लागली. आणि त्याच वेळी बाहेर स्पीकरवर माझं नाव पुकारलं गेलं.

दुसरी पंगत बसली होती. मीठ पडलं होतं, वाहवा चालली होती. निकेशने मला हात धरून मधे उभं केलं. समीक्षाने शाल घातली. पैठणी नेसायला वेळच झाला नव्हता, मी रश्श्याचे डाग पडलेल्या साडीतच होते. माइक हातात आला की निकेशची भाषा बदलते.

"मंडळी, आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो फक्त या माझ्या ताईमुळे. देवीनंतर हीच." त्याचा आवाज खरंच भरून आला. तो खोटं बोलत नव्हता. "हिने आजपर्यंत माझ्याकडे काही मागितलं नाही. ताय, आज माग. काय पन माग. सगल्यांच्या समोर सांगतो, नाय म्हनलो तं नावाचा निकेश नाय."

त्याने माइक माझ्या तोंडापुढे धरला. समोर स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, मिठाची बरणी पोटाशी धरून. तिने मान हलवली. नको.

मी म्हटलं, "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात ये."

निकेशने माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याचा चेहरा मायेने फुलून गेला.

"बगा!" त्याने माइक परत ओढला. "बघा मंडळी, स्वतःसाठी मागायला सांगितलं तर ही माझी काळजी करतेय! अगो ताय, माझी तपासनी गेल्या महिन्यातच झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टर बोलला, बहिणीची किडनी घोड्यासारखी पळतेय. मी ठणठणीत हाय!" आणि त्याने शर्टावरूनच उजव्या बाजूला, जिथे माझी आहे तिथे, दोनदा थापटलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. हृतिक मोबाइल घेऊन पुढे आला. "आत्या, स्माईल!"

तेव्हा मी सांगायला हवं होतं. माझी रे, तुझी नाही. चार शब्द पुरले असते. पण तो इतका आनंदात होता, आणि पन्नास माणसं टाळ्या वाजवत होती. मला स्वतःचीच लाज वाटली, जणू दिलेली वस्तू मी परत मागायला आले होते. मी हसले. फोटो चांगला आलाय. पुढच्या वर्षी बॅनरवर तोच लागेल.

सगळे गेल्यावर आईने फळीवरचे दोन वाडगे काढले, गरम केले, आणि माझ्यापुढे ताट ठेवलं.

"तुझा येगला काढून ठेवलाय."

"तू येशील उद्या?" मी विचारलं.

"माजे गुडघे..." आई म्हणाली. मग म्हणाली, "आन तो इचारंल ना, कुठं गेल्ती म्हनून." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, मी पाणी प्यायले तरी थांबली नाही. मी सगळं संपवलं. भूक लागली होती.

सोमवारी डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. नाव, वय, पत्ता. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून पेन थांबवलं.

"सोबत कोण आहे? घरी कोणी नाही का तुमच्या?"

"आहेत ना," मी म्हटलं. "सगळे ठणठणीत आहेत."