जरा मोठ्यानं म्हण

मित्रांनो, पुण्यातल्या एका कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडलेला मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. घडलो कुठल्याशा परदेशी कारखान्यात, पण माणसं बघायला शिकलो ती इंदापूर तालुक्यातल्या सणसरला.

माझे मालक आनंदसाहेब यांनी टीव्हीसाठी एक मालिका काढली. गावातली मुलं लहानपणी टिपायची, आणि ती मोठी होतील तसतसं पुन्हा पुन्हा जाऊन टिपायची. त्यातली माझी लाडकी राजेश्वरी, जोतीरामआबांची लेक. तिसरीत असताना माझ्या काचेला नाक लावून म्हणाली, "मी फौजदार होणार!" काय तो तोरा!

नववीत ती पुन्हा भेटली. पहाटे कालव्याच्या रस्त्यानं अशी सुसाट पळायची की आमच्या गाडीला दम लागायचा. तो भाग लागला तेव्हा आबांनी सगळी भावकी घरी बोलावली, चहा पाजला आणि छाती फुगवून लेक दाखवली. तिथंच घात झाला. भावकीला पळणं दिसलंच नाही, दिसली ती हाफ पँट! "वयात आलेली पोर अशी जगाला दाखवत्यात व्हय, आबा?" चुलतभावानं सगळ्यांदेखत विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं पळणं बंद झालं, आणि अठरा सरताच तिला शेळगावला देऊन टाकलं.

गेल्या खेपेला आम्ही शेळगावला गेलो. पदराला माइक अडकवता अडकवता ती साहेबांना हळूच म्हणाली, "साहेब, औंदा पोलीस भरती हाय. मामंजी टीव्हीवाल्यांचं लई ऐकत्यात. तुमी येक शब्द टाका की. येकदाच पळू द्या मला."

"आम्ही फक्त टिपतो गं," साहेब म्हणाले. "कुणाच्या संसारात बोलायचं नाही, असा आमचा नेम आहे."

मेला तो नेम! मला तोंड असतं तर मीच बोललो असतो.

तेवढ्यात तिच्या सासूबाई, कौसल्याबाई, माझ्या मागं खुर्ची टाकून बसल्या. साहेबांनी विचारलं, "राजेश्वरी, सुखी आहेस ना?"

तिनं माझ्या डोक्यावरून मागं पाहिलं. "सुखी हाय."

"आवाज बारीक आला. जरा मोठ्यानं म्हण."

संसारात बोलायचं नाही म्हणणारे हेच साहेब, बरं का! ती मोठ्यानं म्हणाली.

तो भाग लोकांना फार आवडला. पोरीनं नशीब काढलं, म्हणाले. भरती आली आणि गेली. राजेश्वरी घराबाहेर पडली नाही. आता नवा कॅमेरा आलाय, पुढच्या खेपेला तो जाईल आणि हेच टिपून आणेल.

मित्रांनो, माझी धूळ झटकू नका, मला काही नको. पण पडद्यावर कुणी सुखी आहे म्हणालं, तर समोर कोण बसलं होतं एवढं तरी विचारा. तुम्हाला विचारता येतं. मला तेवढंही येत नाही.