शेणींवरचा फ्लेक्स

"काकी, सीट निघतीया बघ आपली. काळजी सोड आणि घे की घास," राजवीर नैवेद्यापुढे हात जोडून म्हणाला. त्याच्या प्रचाराच्या पोरांनी ते मोबाइलवर टिपलं. एकाचा हात हलला म्हणून राजवीरने काकीला पुन्हा एकदा तेच सांगितलं.

कावळा स्मशानाच्या पत्र्यावर बसून होता. खाली राजवीरचे काका, कमांडर अमरसिंह, उभे होते. अख्खी नोकरी नौदलात काढलेला माणूस. जहाज वादळात सापडलं की भलेभले बादलीत तोंड घालत, पण यांना कधी मळमळलं नव्हतं. आज कोडोलीच्या कोरड्या मातीत उभं राहून आपल्याच पुतण्याकडे बघताना मळमळत होतं.

त्यांच्या पत्नी आक्काताईंना जाऊन आज तिसरा दिवस. रक्षा सावडून झाली आणि माइक सुरू झाला, कारण आपल्याकडे रक्षाविसर्जन भाषणांशिवाय होत नाही. मेलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, एवढाच काय तो नेत्यांचा फायदा. त्यात राजवीर पंचायत समितीला उभा. काकीच्या मरणाचा मुहूर्त त्याला आयताच सापडला होता.

फाटकावर त्याने फ्लेक्स बांधला होता. वर नेत्यांची रांग, मधे हात जोडलेला राजवीर, शेजारी पांढऱ्या गणवेशातले अमरसिंह. तो फोटो न विचारता घरच्या भिंतीवरून नेलेला. आणि पार खालच्या कोपऱ्यात, बशीएवढ्या गोलात, आक्काताई. 'कमांडरसाहेबांच्या धर्मपत्नी' एवढंच लिहिलेलं. नाव नाही.

"जाऊ द्या पप्पा," मुलगी स्नेहल हळूच म्हणाली. "आजचा दिवस गप्प राहू या."

अमरसिंहांनी फ्लेक्सकडे पाठ केली. तसा हा माणूस घरवेडा. सुट्टीवर आला की बॅग ठेवून आधी स्नेहलच्या वह्यांना कव्हरं घालायचा, बायकोनं धुतलेलं लुगडं दुसऱ्या टोकाला धरून पिळायचा. "बोटीवरचा सायेब लुगडी पिळतोय," म्हणून आळी हसायची. विशाखापट्टणमला क्वार्टर मिळालं तेव्हा आक्काताई म्हणाल्या होत्या, "म्हातारा-म्हातारी आणि म्हशी कुणाच्या जिवावर टाकू?" त्या आल्या नाहीत. नौदलाकडून त्यांनी एकच गोष्ट घेतली: नवऱ्याने शिकवलेली गाठ. वाऱ्यात आवळते आणि हवी तेव्हा एका झटक्यात सुटते, ती. परसात रचलेल्या शेणींवर, म्हणजे गोवऱ्यांवर, त्या ताडपत्री बांधत ती त्याच गाठीने.

त्या शेणी स्मशानासाठी असत. दरवर्षी एक ट्रॉली भरून त्या फुकट पाठवायच्या. परवा त्यांना अग्नी दिला तोही त्यांच्याच हातच्या शेणींवर. दवाखान्यात शेवटचं बोलल्या तेही तेच. "आभाळ आलंय. ताडपत्री फाटलीया. शेणी झाकल्या न्हवं?" अमरसिंह म्हणाले होते, "आज झाकतो." त्याच दिवशी त्या गेल्या, आणि झाकायचं राहिलं.

माइकवर पाहुणे नेते आले. "कैलासवासी..." म्हणाले आणि अडले. नाव शोधायला त्यांनी फ्लेक्सकडे पाहिलं. फ्लेक्सवर नाव असतं तर ना. "कैलासवासी कमांडरसाहेबांच्या मिसेस," त्यांनी वेळ मारून नेली, आणि पुढे रस्ते, पाणी, राजवीरचं निशाण असं सगळं आलं. आक्काताई तेवढ्या आल्या नाहीत. किळस म्हणतात ती हीच, अमरसिंहांना वाटलं. तोंडात आलेली, ना थुंकता येत ना गिळता येत.

"काका, दोन शब्द बोला की," राजवीर कानाशी आला. "बॉर्डरवरचं कायतरी सांगा. पब्लिक हाय."

"समुद्रात बॉर्डरवर कोण उभा ऱ्हातोय रं?" अमरसिंह म्हणाले. त्यांनी वर पाहिलं. पन्हाळ्याकडून काळं आभाळ सरकत होतं. ते उठले, सरळ फाटकाशी गेले आणि फ्लेक्सची दोरी सोडायला लागले.

राजवीर धावत आला. "काका, काय करताय? सायेब बसल्यात!"

"पाऊस यायलाय."

"मग येऊ दे की. फ्लेक्स हाय त्यो, भिजत न्हाय."

"म्हणूनच न्यायलोय," अमरसिंह म्हणाले. माइक थांबला होता. त्यांनी कडेला कड जुळवून फ्लेक्सची नीट घडी घातली, काखेत मारली आणि चालू लागले. त्यांना अडवायचं धाडस कुणालाच झालं नाही.

ते परसात पोचले तेव्हा टपोरे थेंब सुरू झाले होते. मागोमाग स्नेहल आली, धापा टाकत. "पप्पा, कावळा अजून..."

"ऱ्हाऊ दे कावळा. दुसरं टोक धर."

दोघांनी फ्लेक्स शेणींवर पसरला, छापील बाजू खाली करून. सगळी नेतेमंडळी, राजवीर आणि पांढऱ्या गणवेशातले कमांडर शेणाला तोंड लावून पडले. बघून अमरसिंहांना तीन दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं. मग ते थबकले. वाकून त्यांनी खालचा एक कोपरा वर ओढला आणि बशीएवढा गोल वर येईल असा उलटा दुमडला.

त्या कोपऱ्याला त्यांनी दोरी लावली आणि आक्काताईंची ती गाठ मारली.