फाटकाबाहेर बाबा

आमच्या गोठ्याचं फाटक बाबांनी बसवलं आणि नियमही त्यांनीच केले. बूट ब्रशने घासा. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं उभे राहा. दुसऱ्याच्या गोठ्यात पाय ठेवला असेल तर पाच दिवस आत यायचं नाही. हे सगळं पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात लिहिलेलं. बहिणीचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही टबात उभं केलं होतं. लग्न तरीही झालं. एकदा मांजरालाही उभं करून पाहिलं. त्यावर मांजराचं जे मत पडलं ते अजून बाबांच्या मनगटावर आहे.

मग पलीकडे काकाच्या गोठ्यात लाळ-खुरकूत आली. गाईंच्या तोंडाला लाळेच्या तारा, जिभेवर फोड, खुरांत जखमा. काकाचा फोन आला तसे बाबा पायात सापडलं ते घालून धावले. दिवसभर गाई धरून संध्याकाळी परतले आणि फाटकाच्या कडीला हात घातला.

"बाबा, पाटी," मी आतून म्हटलं.

"आंघोळ केलीय मी."

"पाटीवर आंघोळीचं काही नाही."

"अगं, पाटी मी लिहिलीय!"

"म्हणूनच तर सुवाच्य आहे. पाच दिवस."

मला वाटलं, आता भडकणार. पण त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत वाचली, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी, आणि रस्त्यापलीकडच्या आमच्या जुन्या गाडीत जाऊन बसले. तेच त्यांचं घर. आई भिंतीवर डबा ठेवायची. "तीस वर्षांत पहिल्यांदा तुझा बाप माझ्या स्वयंपाकाची वाट बघतोय," ती म्हणाली. पण डबे अर्धे परत यायचे. दुसऱ्या दिवशी बाबांनी खिडकीतून सांगितलं, काकाची अकरा वासरं गेली. मग काच वर केली.

आमच्या गोठ्यात बेचाळीस गाई होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी हेडबाई व्यायला लागली. हेडबाई आमची सगळ्यात म्हातारी गाय. ती उठल्याशिवाय गोठ्यात कुणाची उठायची टाप नाही. तिची आई मेल्यावर बाबांनी तिला बाटलीने वाढवलेलं. वासराचे पुढचे पाय बाहेर आले, पण तोंड काही येईना. डॉक्टर काकाकडे अडकलेले, म्हणजे पाटी त्यांनाही लागू. फोनवर म्हणाले, "मान मागे वळलीय. पायांना दोरी बांध, वासरू आत ढकल, मान सरळ कर, मग ओढ."

गाई साखळ्यांनी बांधलेल्या, आणि वासरू ओढायची दोरी खुंटीवर नव्हती. आठवड्यापूर्वी काकाने मागून नेली होती, नेहमीसारखी. बुटांसाठी नियम होता, चाकांसाठी होता, मांजरासाठीही करून झाला होता. दोन्ही गोठ्यांत मिळून अशी दोरी मात्र एकच होती, आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

हेडबाईचं हंबरणं रस्त्यापर्यंत जात होतं. बाबा काकाकडे पळाले, दोरी घेऊन आले आणि फाटकावरून फेकली. ती माझ्या पायांपासून हातभर अंतरावर पडली.

"टबात बुडव आणि घे!"

दोरीच्या पिळात वाळलेलं शेण होतं. शेण असलं की सोड्याचं पाणी आत पोचत नाही. हे मला ज्यांनी शिकवलं ते फाटकापलीकडे उभे होते.

"ही नाही घेणार, बाबा."

"मरेल गं ती."

"हो."

"मी सांगतोय ना!"

"पाटीवर तुम्ही वेगळं सांगितलंय."

मी चिमट्याने दोरी उचलून बाहेर फेकली. ती त्यांच्या छातीवर आपटली. जिथे पडली होती तिथे सोड्याचं पाणी ओतलं. तोवर आईने काही न विचारता पलंगावरची चादर टराटरा फाडली होती. "आवडत नव्हतीच मला," ती म्हणाली. खोटं होतं ते.

चादरीच्या पट्ट्या ओल्या झाल्या की निसटायच्या. तीनदा निसटल्या. बाबा फाटकाचे गज धरून ओरडत होते, "खाली ओढ, खाली! तिच्या कळेबरोबर!" शेवटी वासरू बाहेर आलं. जीभ निळी. मी चोळलं, नाकात काडी घातली, तोंडातली घाण काढली. हेडबाई उठली आणि त्याला चाटत राहिली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"काय झालं?" बाहेरून आवाज आला.

"कालवड."

ते पुढच्या शब्दासाठी थांबले. तो आला नाही.

"आणि हेडबाई?"

"उभी आहे."

दोरी घेतली असती तर कालवड वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. डॉक्टर भला माणूस आहे.

बाबा दोरी आणायला पुन्हा काकाच्या गोठ्यात गेले होते. म्हणजे मोजणी परत मुळापासून. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "आज पहिला." आणि गाडीत जाऊन बसले.

सहाव्या सकाळी ते आले. बूट घासले, टबात उभे राहिले.

"दहा झाली, बाबा."

"थांब."

ते आणखी उभेच राहिले. मग आत येऊन त्यांनी बेचाळीस तोंडं उघडून पाहिली. सगळी स्वच्छ. हेडबाईपाशी सगळ्यात शेवटी गेले. तिने त्यांचा हात हुंगला आणि तोंड फिरवलं.

"कुठे पुरलं?"

मी जागा दाखवली. ते तिथे गेले आणि परत आले ते लाल रंगाचा डबा घेऊन. ब्रश माझ्या हातात दिला.

"तू लिही."

पाटीच्या तळाला जेमतेम जागा होती. 'बाहेर गेलेली दोरी परत आत येणार नाही,' एवढंच मी लिहिलं. ती ओळ तेवढी सुवाच्य नाही.