चिंचेच्या वळणावरची तहानलेली बाई

गिरीज गावच्या व्हॅलेरियनची जुनी मोटार मे महिन्याच्या भर दुपारी चिंचेच्या वळणावर पुन्हा बंद पडली, आणि पाच मिनिटांत तिथे पंचवीसतीस माणसं जमली. केळीचं शिंपण अर्धवट टाकून लोक धावले, कारण आता आलोशियसबाबा येणार होते आणि चमत्कार फुकटात बघायला मिळणार होता.

बाबा आले. गळ्यात तीन माळा, हातात ओला पंचा. बॉनेटला कान लावून त्यांनी निदान केलं, "हीच ती. या वळणावर पाण्यावाचून मेलेली बाई. इंजिनात शिरलीय आणि पाणी मागतेय." मग सगळ्यांना पाठ फिरवायला सांगून पन्नास प्रार्थना म्हणायला लावल्या आणि पंचा घेऊन स्वतः बॉनेटखाली वाकले. पन्नासावी प्रार्थना संपली, व्हॅलेरियनने चावी फिरवली आणि मोटार सुरू झाली. बायकांनी क्रूसाची खूण केली. बाबांनी केळीचा एक घड तेवढा स्वीकारला, तोही बाईच्या वतीने.

मागच्या सीटवर व्हॅलेरियनची बायको इझाबेल रागाने धुमसत होती. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि तिचाच नवरा भुताला पाणी पाजत होता. शेजारी मुलगी रोझलिन बसली होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मूल पायाळू होतं. कळा सुरू झाल्या की अजिबात वेळ न घालवता आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि वाडीत दुसरी मोटार नव्हती.

घरी आल्यावर इझाबेलने नवऱ्याला विचारलं की, पहाटे चर्चमध्ये मिस्साला जाताना या बाईला तहान का लागत नाही? डिसेंबरात ती कुठे जाते? आणि बाबा पंचा नेमका इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावरच का ठेवतात? हे तिने बॉनेटच्या फटीतून स्वतः पाहिलं होतं. व्हॅलेरियन म्हणाला, सगळंच काही तुझ्या पुस्तकात नसतं. वर त्याने ठरवूनही टाकलं की, कळा सुरू झाल्या तर आधी बाबांना गाडीत घ्यायचं. इझाबेलने डोक्याला हात लावला. भिंतीशी बोललं असतं तरी बरं, असं तिला वाटलं.

बुधवारी दुपारी साडेबाराला रोझलिनला कळा सुरू झाल्या. बाबा घरी नव्हते. शेजारची बर्था त्यांना शोधायला पळाली, आणि इझाबेलने नवऱ्याला जवळजवळ ढकलूनच मोटारीत बसवलं. मोटार छान धावत होती. वेशीवरच्या क्रूसापाशी मात्र व्हॅलेरियनने सवयीने ती थांबवली, इंजिन बंद केलं आणि गुडघे टेकले. इथे प्रार्थना केल्याशिवाय तो कधी पुढे जात नसे, आणि देवासमोर इंजिन घरघरत ठेवणं त्याला बेअदबी वाटे. पाच मिनिटांनी मोटार पुन्हा निघाली, फर्लांगभर गेली आणि चिंचेच्या वळणावर आचके देऊन बंद पडली.

त्या क्षणी इझाबेलच्या डोक्यात प्रकाश पडला. रोझलिन कण्हत होती, लोक जमत होते, बाबांना यायला वेळ होता. इझाबेल उतरली, टॉवेल बागेच्या पाटात बुचकळला, बॉनेट उघडलं आणि टॉवेल पंपावर व नळीवर दाबला. चर्र आवाज झाला. कोणीतरी मागून म्हणालं, बाईमाणसाने हात लावू नये. व्हॅलेरियनचे ओठ हलायला लागले.

"थांबा," इझाबेल म्हणाली. "कोणीही प्रार्थना म्हणायची नाही. उद्या श्रेय दुसऱ्या कुणाला जायला नको."

तिने टॉवेल तीनदा भिजवला. आठ मिनिटांनी व्हॅलेरियनने चावी फिरवली, मोटार सुरू झाली. तेवढ्यात बाबा धापा टाकत आले आणि म्हणाले, "मी वाटेतूनच आज्ञा सोडली होती." मोटार त्यांच्या अंगावर धूळ उडवून निघून गेली. रोझलिनला मुलगा झाला. दोघं सुखरूप होती.

रविवारी दुपारी इझाबेलने वळणावर लोकांना सगळं उलगडून दाखवलं. पेट्रोल पाण्यापेक्षा लवकर उकळतं. तापलेलं इंजिन बंद केलं की पंखा थांबतो आणि आतली धग नळीला, पंपाला लागते. पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या छोट्या वाटीत उरलेलं पेट्रोल फर्लांगभर पुरतं, म्हणून मोटार क्रूसापाशी सुरू होते आणि इथे बंद पडते. पंपावर ओलं फडकं ठेवलं की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. पन्नास प्रार्थना म्हणजे निवायला लागणारा वेळ. मग क्रूसापाशी इंजिन चालू ठेवून व्हॅलेरियनने प्रार्थना केली, आणि मोटार वळण ओलांडून सरळ पुढे गेली. बाबा होण्याआधी मुंबईच्या गॅरेजमध्ये बारा वर्षं काय करत होता, असं कोणीतरी आलोशियसला विचारलं. तो बागेच्या वाटेने निघून गेला.

लोक हसायला लागले तेव्हा व्हॅलेरियन परत आला आणि मोटारीतून उतरला.

"हसू नका," तो म्हणाला. "माझी पोर इथे कळा देत होती आणि मी पन्नास प्रार्थना मोजायला लागलो होतो. बॉनेट उघडून बघायची अक्कल देवानेच दिलीय, ती मी वापरली नाही. तुमचं यंत्र बंद पडो की माणूस आजारी पडो, आधी कारण शोधा, जाणत्याला विचारा. माझ्या पोरीचं नशीब की तिच्या आईने विचारलं."